हात येईल का? रक्ताला विचारलेला प्रश्न

पक्षाघाताच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच असतो: 'वाचतील ना?' तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो बदलतो. 'हात येईल का? बोलतील का? पुन्हा दुकानावर बसतील का?' या प्रश्नांवर घरातले मोठे निर्णय अडलेले असतात. कर्ज काढायचं का, पुण्यातल्या मुलाने नोकरी सोडून गावी यायचं का, आईला कुणाकडे ठेवायचं, सगळं त्या उत्तरावर ठरतं. डॉक्टर म्हणतात, 'बघू या, आत्ता काही सांगता येत नाही.' ते टाळत नसतात. त्यांना खरोखरच सांगता येत नसतं.

छातीत दुखलं की ट्रोपोनिनची तपासणी होते आणि रक्ताची एक नळी हृदयाबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. मेंदूसाठी अशी नळी का असू नये? मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यावर होणारा पक्षाघात, म्हणजे इस्केमिक स्ट्रोक, हा पक्षाघाताचा सर्वांत मोठा गट आहे. त्यातून रुग्ण किती सावरेल हे रक्तातल्या खुणांवरून, म्हणजे बायोमार्करवरून, ओळखण्याचे प्रयत्न गेली काही दशकं जगभर चालू आहेत. त्यातून काय हाती लागलं, काय लागलं नाही आणि आपल्या रुग्णाला त्याचा आज काय उपयोग, हे पाहण्यासाठी हा आढावा.

मला या विषयाकडे ओढणारी गोष्ट घरातली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या काकांची उजवी बाजू गेली. पाचव्या दिवशी रिपोर्टमध्ये सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, बराच वाढलेला आला. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी कागद पाहिला आणि काकूला म्हणाले, 'मार्कर फार वाढलेत, जास्त आशा ठेवू नका.' काकूने दुसऱ्या दिवशी फिजिओला सांगितलं, 'आता त्यांना कशाला त्रास देता?' दोन दिवस व्यायाम बंद राहिला. मग कळलं की सीआरपी लघवीच्या नळीमुळे झालेल्या जंतुसंसर्गाने वाढला होता. अँटिबायोटिक सुरू झालं, आकडा उतरला, व्यायाम पुन्हा सुरू झाला. काका आज काठी घेऊन देवळापर्यंत जातात. उजव्या हाताने ताटाची कड धरून ठेवतात, घास मात्र डाव्या हाताने घेतात. रक्तातला एक आकडा कशाबद्दल बोलतोय हे न विचारता त्याच्यावर भविष्य टांगलं की काय होतं, ते मी तेव्हा जवळून पाहिलं.

रक्तात दिसणाऱ्या खुणा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. काही मेंदूच्या पेशी फुटल्यामुळे रक्तात उतरतात. बाकीच्या, शरीर त्या आघाताला कसं तोंड देतंय ते दाखवतात. पहिल्या प्रकारातलं सर्वांत जुनं नाव एस-१००-बी. हे प्रथिन मुख्यतः मेंदूतल्या आधारपेशींमध्ये असतं आणि दोन-तीन दिवसांत रक्तात सर्वाधिक होतं. जितका मोठा भाग मेलेला, तितकी पातळी साधारण जास्त. २००४ मध्ये जर्मन संशोधकांनी मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या रुग्णांत पाहिलं, की २४ तासांनंतरची एस-१००-बीची पातळी ठरावीक मर्यादेपुढे गेली, तर मेंदूला जीवघेणी सूज येणार हे ९४ टक्के संवेदनशीलतेने ओळखता येतं. कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यायची की नाही, हा निर्णय तासांत घ्यावा लागतो. तिथे अशी सूचना मोलाची. पण तो अभ्यास अवघ्या काही डझन रुग्णांचा होता. शिवाय हे प्रथिन चरबीच्या पेशींतही असतं आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगातही वाढतं.

दुसरं नाव एनएसई, चेतापेशींमधलं एक एन्झाइम. याची अडचण ऐकायला किरकोळ वाटते, पण वॉर्डात काम केलेल्या कुणालाही तिचं वजन कळेल. एनएसई तांबड्या पेशींतही असतं. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, नर्स दोन-तीनदा टोचते, पिस्टन जोरात ओढला जातो आणि नळीत तांबड्या पेशी फुटतात. लॅबमध्ये नळी फिरवल्यावर वर येणारा पिवळसर पाण्यासारखा थर गुलाबी दिसतो. आता त्यातला एनएसई मेंदूतून आला की सुईच्या धक्क्याने फुटलेल्या पेशींतून, हे सांगणं अवघड. कागदावर उत्तम वाटणाऱ्या कितीतरी तपासण्या अशा वॉर्डातल्या वास्तवावर येऊन अडतात.

जीएफएपी हे आधारपेशींतलं आणखी एक प्रथिन. बरं होण्याच्या भाकितापेक्षा त्याचं नाव वेगळ्या कामासाठी पुढे आलं. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते पहिल्या काही तासांतच वाढतं, गुठळी असेल तर सावकाश, दोन-चार दिवसांनी. म्हणजे सीटी स्कॅनला पोहोचण्याआधीच गुठळी की स्राव, याचा अंदाज येऊ शकतो. जिथे स्कॅन तीन तासांवर आहे, तिथे याचं मोल मोठं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आज सर्वांत गांभीर्याने पाहिलं जातं ते न्यूरोफिलामेंट लाइट चेनकडे, म्हणजे एनएफएलकडे. चेतापेशीचा लांब तंतू आतून ताठ ठेवणारा जो सांगाडा असतो, त्याचा हा एक वासा. तंतू तुटला की वासा निखळतो, मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवात उतरतो आणि तिथून फार थोडा रक्तात येतो. इतका थोडा, की तो पिकोग्रॅममध्ये मोजावा लागतो. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एकेक रेणू मोजण्याचं सिमोआ नावाचं तंत्र आलं तेव्हाच हे रक्तातून खात्रीने शक्य झालं. त्याआधी एनएफएलसाठी पाठीत सुई घालावी लागे.

एनएफएलची चाल समजून घेण्यासारखी आहे. रुग्ण दाखल होतो त्या दिवशी पातळी फारशी बोलत नाही, कारण तंतू झिजायला वेळ लागतो. मग ती दिवसागणिक चढते, पहिल्या काही आठवड्यांत शिखर गाठते आणि पुढच्या महिन्यांत सावकाश उतरते. म्युनिकच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं, की सातव्या दिवशीची पातळी तीन महिन्यांनंतरच्या स्थितीशी जोडलेली आहे, वय आणि पक्षाघाताची सुरुवातीची तीव्रता हिशेबात धरल्यावरही. याच काळातल्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली. मुख्य आघात संपल्यावरही मेंदूत लांबवर तंतू झिजत राहतात आणि एनएफएल त्या झिजेचीही खबर देतं. मला यातला सर्वांत आश्वासक भाग हाच वाटतो. ही खूण पहिल्या दिवशी झालेल्या नुकसानाइतकीच नंतर चालू राहिलेल्या नुकसानाबद्दलही बोलते, आणि चालू असलेलं नुकसान कधीतरी थांबवता येण्याची शक्यता असते. एएलएस या दुर्धर आजारात टोफरसन या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये वेगवान मान्यता दिली, ती एनएफएल उतरल्याच्या आधारावर. म्हणजे या खुणेवर नियामकांचाही विश्वास बसू लागला आहे.

तरी सावध राहावं लागतं. एनएफएल वयानुसार वाढतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तरी वाढतं, मधुमेहातही वाढलेलं दिसतं. आपल्याकडे पक्षाघात झालेल्या कितीतरी जणांना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून असतो. युरोपातल्या धडधाकट माणसांवर ठरलेली 'नॉर्मल' पातळी सोलापूरच्या सत्तरीतल्या मधुमेही आजोबांना जशीच्या तशी लावणं बरोबर होणार नाही.

आता दुसरा गट. मोठा आघात झाला की शरीर सगळ्या घंटा एकदम वाजवतं. ताणाची संप्रेरकं वाढतात, साखर चढते, दाह उसळतो. व्हासोप्रेसिन हे त्यातलं एक संप्रेरक रक्तात फार टिकत नाही, पण त्याच्याबरोबर तितकाच बाहेर पडणारा कोपेप्टिन नावाचा तुकडा टिकतो आणि सहज मोजता येतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संशोधकांनी २००९ मध्ये ३६२ रुग्णांत दाखवलं, की दाखल होतानाचं कोपेप्टिन जास्त असलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती वाईट असते. २०१३ मध्ये अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासानेही तेच सांगितलं. पुढे वय, तीव्रता, बंद रक्तवाहिनी पुन्हा उघडण्याचा उपचार आणि कोपेप्टिन एकत्र करून एक गुणतालिकाही तयार झाली. रक्ताच्या सगळ्या खुणांमध्ये इतक्या शिस्तीने तपासलेल्या फार थोड्या आहेत.

पण इथेच एक घोळ सुरू होतो, आणि तो साखरेच्या उदाहरणातून चांगला कळतो. पक्षाघातानंतर ज्यांची शुगर चढलेली असते, त्यांचं पुढे वाईट होतं, हे कित्येक अभ्यासांत दिसलं. मग इन्सुलिनने ती काटेकोर उतरवली तर माणूस जास्त सावरेल, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या शाइन चाचणीत ११५१ रुग्णांवर हे करून पाहिलं आणि निकाल २०१९ मध्ये आला. काटेकोर नियंत्रणाच्या गटात २०.५ टक्के रुग्ण चांगले सावरले, नेहमीच्या उपचाराच्या गटात २१.६ टक्के. फरक नाही. उलट काटेकोर गटात काही जणांची साखर धोकादायकरीत्या खाली गेली. चढलेली साखर हा बहुतेक मोठ्या आघाताचा धूर होता. धूर हटवला म्हणून आग विझली नाही.

दाहाची गोष्ट याहून कठोर आहे. सीआरपी, इंटरल्युकिन-६, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं गुणोत्तर, या सगळ्यांचं वाईट निकालाशी नातं दिसतं. म्हणून दाह दाबणारं एन्लिमोमॅब हे औषध ६२५ रुग्णांत तपासलं गेलं. २००१ मध्ये निकाल आला तेव्हा औषध घेतलेल्यांत मृत्यू २२.२ टक्के होते आणि न घेतलेल्यांत १६.२ टक्के. औषधाने हानी झाली होती. जर्मनीतून निघालेल्या स्ट्रॅविन्स्की चाचणीत प्रोकॅल्सिटोनिन या जंतुसंसर्ग सुचवणाऱ्या खुणेचे आकडे पाहून अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते ठरवलं, तरी तीन महिन्यांनंतरची स्थिती सुधारली नाही. रक्तातली खूण भाकीत करते, याचा अर्थ तिला हात घातला की भाकीत बदलतं असा होत नाही. हे एक वाक्य रुग्णालयात भिंतीवर लिहून ठेवावं असं मला वाटतं.

हृदयाकडून येणारी एनटी-प्रोबीएनपी ही खूणही याच रांगेत. ती मृत्यूचा धोका बऱ्यापैकी दाखवते. तिच्यासह काही खुणांवरून रुग्ण निवडून रक्त पातळ करणारं अॅपिक्सॅबॅन देऊन पाहिलं, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्केडिया चाचणीत ते अॅस्पिरिनपेक्षा सरस ठरलं नाही.

मग एवढ्या खुणा सापडूनही वॉर्डात एकही का पोहोचली नाही? यामागे फक्त पैसा नाही. पक्षाघाताच्या भाकितासाठी दोन फुकटची साधनं आधीच हाताशी आहेत. एक वय. दुसरं एनआयएचएसएस, म्हणजे डोळे, चेहरा, हात, पाय, बोलणं तपासून ० ते ४२ गुण देणारी पद्धत. ती करायला पाच-दहा मिनिटं पुरतात. कोणत्याही रक्ततपासणीने या दोघांच्या वर काहीतरी अधिक सांगायला हवं. स्कॉटलंडमधल्या विल्यम व्हाइटली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. बहुतेक अभ्यास छोटे होते, आणि कितीतरी अभ्यासांत वय आणि तीव्रता हिशेबात नीट धरलेली नव्हती. ज्यांत धरली, त्यांत रक्ताच्या खुणांनी घातलेली भर बहुधा चमचाभर निघाली. मोठा आघात म्हणजे जास्त फुटलेल्या पेशी, जास्त ताण, जास्त दाह. रक्त बऱ्याचदा तेच पुन्हा सांगतं, जे हात उचलायला लावून डॉक्टरांना आधीच कळलेलं असतं.

मोजपट्टीचाही दोष आहे. जवळजवळ सगळ्या अभ्यासांत 'बरं होणं' म्हणजे तीन महिन्यांनंतरचा रँकिन स्केलवरचा एक आकडा: ० म्हणजे काहीच त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे सुधारित रूप. सोपी आहे, म्हणून टिकली. पण बोलणं गेलेला वकील आणि डावा हात गेलेला सुतार या पट्टीवर एकाच घरात बसू शकतात. रक्तातल्या नाजूक रेणूला आपण इतक्या जाड सुतळीने मोजतो आहोत, तर नातं पुसट दिसणारच.

सर्वांत चांगलं भाकीत मात्र रक्ताबाहेरून आलं आहे. नेदरलँड्समध्ये खेर्ट क्वाकेल यांच्या गटाने १८८ रुग्णांचा पाठपुरावा करून २०१० मध्ये लिहिलं: दुसऱ्या दिवशी ज्यांची बोटं थोडी तरी उघडतात आणि खांदा थोडा तरी बाजूला उचलतो, त्यांना सहा महिन्यांत हाताने काही ना काही काम जमण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमत नसेल तर २५ टक्के. चालण्यासाठीही याच गटाचं असंच निरीक्षण आहे. पलंगावर आधाराशिवाय तीस सेकंद बसता येतं का आणि पायात थोडी ताकद आहे का, हे पाहायचं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांनी बोटं आणि खांद्याच्या तपासणीपासून सुरू होणारी प्रेप-२ ही पद्धत २०१७ मध्ये मांडली. ज्यांचा हात फारसा हलत नाही, त्यांच्यासाठी डोक्यावरून चुंबकीय झटका देऊन मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत आहे का, ते बघतात. चारपैकी तीन रुग्णांत तिचं भाकीत बरोबर येतं. त्याच वर्षी पक्षाघातातून सावरण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानेही असाच कौल दिला. मेंदूपासून हातापर्यंतच्या त्या वाटेची तपासणी चाचण्यांमध्ये वापरायला तयार आहे, रक्ताच्या खुणा अजून तयार नाहीत.

हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. फिजिओ पलंगाशेजारी वाकते, रुग्णाचा तळवा आपल्या हातावर उपडा ठेवते आणि म्हणते, 'आजोबा, बोटं वर करा बघू. माझ्या हातावरून सुटू द्या.' तर्जनी दोन मिलिमीटर उचलते. नातेवाइकांना ती हालचाल दिसतही नाही. पण त्या दोन मिलिमीटरमध्ये आज कुठल्याही महागड्या नळीपेक्षा जास्त माहिती आहे.

मग रक्ताचा नाद सोडून द्यायचा का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण औषधांच्या चाचण्यांत सापडतं. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध हात-पाय परत यायला मदत करतं, असं २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या चाचणीत वाटलं होतं. ब्रिटनमधल्या फोकस चाचणीने ३१२७ रुग्णांत तपासलं, तेव्हा फायदा दिसला नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. भारतातल्या अटेंड चाचणीत घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन करून पाहिलं: १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. २०१७ चा निकाल असा, की सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. अशा चाचण्यांत आपण तीन तऱ्हेची माणसं एकत्र घालतो: जी आपोआप सावरणार आहेत, ज्यांची वाट पूर्ण तुटली आहे, आणि ज्यांना खरोखर मदतीची गरज आहे. तिसऱ्या गटावर झालेला परिणाम पहिल्या दोघांच्या गर्दीत हरवण्याची भीती असते. सातव्या दिवशीचं एनएफएल आणि बोटांची तपासणी एकत्र करून तो तिसरा गट वेगळा काढता आला, तर चाचण्या लहान, स्वस्त आणि खऱ्या होतील. रक्ताच्या खुणांचं पहिलं खरं काम मला इथे दिसतं, रुग्णाच्या फाइलमध्ये नंतर.

त्याहून पुढचा प्रश्न दुरुस्तीच्या खुणांचा आहे. आतापर्यंतच्या बहुतेक खुणा नुकसान मोजतात. मेंदू नव्या जोडण्या करतोय का, हे रक्तातून अजून नीट ऐकू येत नाही. एक धागा मात्र लक्षवेधी आहे. २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कामात, तेल अवीवमधल्या रुग्णांपैकी ज्यांच्यात सीसीआर-५ हे जनुक जन्मतः अर्धवट निकामी होतं, ते पक्षाघातातून जास्त चांगले सावरलेले दिसले. याच सीसीआर-५ ला अडवणारं माराव्हिरॉक हे औषध एचआयव्हीसाठी आधीपासून वापरात आहे, म्हणून पक्षाघातातही त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. जनुकातला तो बदल युरोपीय वंशाच्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो, भारतात फार क्वचित. म्हणजे ती जनुकतपासणी आपल्याला उपयोगाची नाही, पण औषध यशस्वी झालं तर ते मात्र आपल्यालाही लागू पडू शकेल.

आपल्या भूमीचा हिशेब वेगळा आहे. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत वर्षाला दर लाख लोकांमागे १४५ जणांना पक्षाघात झाल्याचं आढळलं, आणि त्यातले सुमारे ३० टक्के २८ दिवसांत दगावले. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद तपासली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने, म्हणजे १४.३ टक्के, इतर कोणत्याही कारणापेक्षा जास्त. आणि पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७.३ टक्के घरीच गेले. रक्ताचे नमुने साठवणारा उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आणि सिमोआचं यंत्र त्या घरांपर्यंत कधी पोहोचेल, हे मनात धरूनच आपल्या संशोधकांनी खुणा निवडायला हव्यात. बोटाच्या थेंबावर, साध्या पट्टीवर मोजता येणारं आणि आपल्या वयोगटांत, आपल्या मधुमेही रुग्णांत पडताळलेलं काहीतरी हवं. भारतीय रुग्णांचे रक्तनमुने आणि वर्षभराचा पाठपुरावा असा मोठा साठा सार्वजनिक पैशातून उभा राहिला, तर त्याचा फायदा साऱ्या जगाला होईल.

तोवर ज्यांच्या घरात आज कुणी त्या पलंगावर आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. कुठलीही लॅब 'स्ट्रोक रिकव्हरी प्रोफाइल' असं काही सुचवू लागली, तर त्यावर पैसे घालू नका. वाढलेला सीआरपी किंवा शुगर दिसली, तर ती का वाढली ते डॉक्टरांना विचारा आणि त्यावर उपचार होऊ द्या. तिसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरांना किंवा फिजिओला म्हणा, 'बोटं उघडतात का, खांदा उचलतो का, आधाराशिवाय बसता येतं का, हे एकदा आमच्यासमोर बघा आणि लिहून ठेवा.' आणि रक्ताचा कोणताही आकडा पाहून व्यायाम बंद करू नका.